बाळाला निजवावे की निजू द्यावे?

सुरतेतील मराठी घरात बारशाचा पाळणा सजतो तो आपल्या रीतीने. कुंची-टोपडे, घुगऱ्या, पाळण्याची गाणी, सारे यथासांग होते. परंतु पाहुणे पांगले की पाळण्याची जागा घेते ते शेजारच्या गुजराती घरांतून आपल्याकडे आलेले घोडियुं : उभ्या घोडीला टांगलेली कापडी झोळी आणि ओढायला एक दोरी. अंगाईच्या जोडीला हालरडूही आपल्या लेकीसुनांच्या ओठी सहज येते. या देवाणघेवाणीचे आम्हांला कौतुकच आहे. प्रश्न आहे तो दोरीचा. दोरी हातची सुटली की बाळ जागे होते, आणि रात्री दोन वाजताही ती ओढणारे कोणी तरी लागते. पेंगुळलेल्या मातांची ही तक्रार आमच्या कानी वारंवार येते. म्हणून या वेळी तिचा विचार करू.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिल्या ३ महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास झोप हवी. मात्र ही झोप सलग नसते. तान्ह्या बाळाला रात्र आणि दिवस यांतला भेद कळत नाही. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उमजू लागतो. शिवाय त्याच्या झोपेचे एक आवर्तन तासाभराच्या आतबाहेर संपते आणि दर आवर्तनाअखेर ते किंचित जागे होते. आपण मोठी माणसेही रात्रीतून अनेकदा कूस बदलतो. उशी डोक्याखाली असली की पुन्हा झोपी जातो. मात्र कोणी ती उशी काढून घेतली तर आपणही उठून बसू. ज्या बाळाचा डोळा केवळ झोक्यावर लागतो, त्याची उशी म्हणजे तो झोका. अर्धवट जाग येताच झोका थांबलेला आढळला की ते रडते. हा हट्ट नव्हे आणि दृष्ट तर नव्हेच.

यावर उपाय सवयीचाच आहे, आणि तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर हळूहळू सुरू करावा. त्याआधी बाळ मागेल तेव्हा पाजणे आणि जवळ घेणे, हाच धर्म. पुढे रोज सायंकाळी एकच क्रम ठेवावा : अंग पुसणे, कोरडे कपडे, दूध, मंद दिवा, एखादी अंगाई. डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी झोका मंद करीत थांबवावा आणि बाळाला सपाट अंथरुणावर उताणे ठेवावे. कुरकुरले तर लगेच न उचलता क्षणभर थांबावे, मग अंगावर हात ठेवावा, थोपटावे. खरे रडू लागले तर अवश्य घ्यावे. दोन-चार दिवसांत हे साधणार नाही. एखाद्या रात्री पुन्हा दोरी ओढावी लागली म्हणून सारे बिघडले असेही नाही. रात्री पाजावे लागले तर दिवा मोठा करू नये, खेळवू नये. सकाळी मात्र खिडक्या उघडून उजेड येऊ द्यावा. रात्र-दिवसाचा पहिला धडा तोच.

घोडियुं टाकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु झोळीत बाळाचे अंग वाकते, हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. म्हणून रात्रभराची झोप त्यात नको. अंथरूण घट्ट व सपाट असावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी पहिल्या वर्षात नसावी हेच बरे. मच्छरदाणी लावावी, धुरी वा कॉइल नको.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे एका खोलीत राहतात. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी. बाप रात्री मागावर, दिवसा घरी निजलेला. तेथे नीरव शांततेचा उपदेश करणे ही थट्टा होईल. पण बाळाला शांततेहून क्रम अधिक हवा असतो, आणि तो एका खोलीतही पाळता येतो. बापासाठी दिवसा पडदा लावावा. बाळाचा कोपरा उजेडात राहू द्यावा.

थकलेल्या घराला सर्वांत मोठा मोह असतो तो औषधाचा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देत. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांच्या अहवालात गिरणी कामगार स्त्रियांच्या शेकडा ९८ बालकांना अफू दिली जात असल्याची नोंद झाली. त्या माता निर्दय नव्हत्या. घरी मूल सांभाळायला कोणी नव्हते. बाळागोळी गेली, पण मोह उरला आहे. जायफळाचा वेढा जरा जास्त उगाळला जातो, सर्दीचे सरबत ‘झोप लागते’ म्हणून पाजले जाते. जायफळ अधिक झाले तर विषारी ठरते. गुटीतला मध वर्षाआतील बाळाला घातक होऊ शकतो. पहिले ६ महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको. सर्दी-खोकल्याच्या एका सर्रास खपणाऱ्या मिश्रणावर ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला, तो उगीच नव्हे. गुंगी म्हणजे झोप नव्हे. उलट, बाळ एकाएकी फार निजू लागले, दूध ओढीनासे झाले, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. आपली सासर-माहेरची माणसे जळगाव-धुळ्याकडे आणि सून इथे एकटी, असे अनेक घरांत असते. ‘आमची मुले कशी निजत!’ हे वाक्य तिला ऐकवण्यापेक्षा रात्रीची एक पाळी आपण घ्यावी, पतीनेही घ्यावी. पाजणे आईवाचून होत नाही, पण थोपटायला कोणाचाही हात चालतो. आईला सलग चार तास झोप मिळाली, तर सकाळी बाळाला सावरण्याचा धीर तिच्यापाशी उरेल.