पार्वतीबाईंचे कुंकू : पानिपतानंतरची २२ वर्षे

१/ दरवर्षी १४ जानेवारी आली की आपण पानिपतावर वाद घालतो. गोलाची रचना का मोडली? बाजारबुणग्यांचा भार का बाळगला? आज रणांगण सोडून शनिवार पेठेत येऊ. माझे मत आधीच मांडतो : कुरुक्षेत्राजवळची ती लढाई एका दिवसात संपली, शनिवारवाड्यात ती १७८३ पर्यंत चालू राहिली. आणि या दुसऱ्या लढाईला आपण इतिहासच मानत नाही.

२/ फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरचा विजय मिळाला आणि मार्चमध्ये पटदूर, म्हणजे आजच्या परतूरहून, सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. सोबत नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव, विशीही न गाठलेले. मोहिमेबरोबर कुटुंबेही होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. तरुण नाना फडणीस आई आणि पत्नीसह होते.

३/ पराभवाची खबर नानासाहेबांना सावकारी सांकेतिक भाषेतील पत्रातून कळली, हे आपण सारे जाणतो. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती आणि मोहरांचे चरित्रकार पुष्कळ झाले. खुर्द्याच्या घरी कोण वाट पाहत राहिले, हे मात्र बखरी सांगत नाहीत. म्हणून जे एक घर आपल्याला दिसते, त्याच्याकडेच नीट पाहू.

४/ एकाच वाड्यात दोन स्त्रियांचे दोन प्रकारचे दुःख नांदत होते. गोपिकाबाईंचा मुलगा गोळी लागून पडला. त्याचा देह ओळखला गेला, त्याला अग्नी मिळाला. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर नानासाहेबही गेले. सहा महिन्यांत पुत्र आणि पती. आघात भयंकर, पण त्याला तिथी होती, श्राद्ध होते, शेवट होता.

५/ पार्वतीबाईंच्या वाट्याला हा शेवट आला नाही. विश्वासराव पडल्यावर भाऊ गर्दीत शिरले, ते परत दिसले नाहीत. पुढे शिर नसलेले एक धड भाऊंचे म्हणून दहन केले गेले. परंतु ओळखीविषयीची शंका दक्षिणेपर्यंत पोहोचली. स्वतः पानिपताहून वाचून आलेल्या पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारण्यास नकार दिला.

६/ या नकाराचे वजन ओळखा. त्या काळच्या ब्राह्मण घरात वैधव्य म्हणजे केशवपन, आलवण, मंगलकार्यातून कायमची हद्दपारी. बेपत्ता माणसाची १२ वर्षे वाट पाहून पालाशविधी करण्याची शास्त्रोक्त वाटही समाजाकडे होती. पार्वतीबाई मात्र १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच जगल्या.

७/ कुणी याला पातिव्रत्य म्हणून गौरवतात, कुणी भ्रम म्हणून हळहळतात. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. नारायणरावांच्या खुनानंतर गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर हलवले, तेव्हा सोबत पार्वतीबाई गेल्या. भ्रमिष्ट बाईवर दौलतीचा गर्भस्थ वारस कुणी सोपवील काय? पुरावा नसताना दुसऱ्यांनी आपल्या संसाराचा शेवट लिहू नये, एवढेच त्यांचे म्हणणे असावे, असे मला वाटते.

८/ अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस घरात नाही, पण गेला असेही म्हणता येत नाही; अशा दुःखाला शोक करण्याची मुभाच मिळत नाही, असे त्यांना आढळले. आपण त्याला ‘संदिग्ध वियोग’ म्हणू.

९/ ही संदिग्धता घराबाहेरही पडते. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत ‘मीच भाऊ’ म्हणत एक इसम प्रकटला. चौकशीत तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला आणि कैदेत गेला. १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटताच त्याच्याभोवती हजारो माणसे जमली आणि कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंद्यांनी बंड मोडले; तो समुद्रमार्गे निसटत असता राघोजी आंग्र्यांनी पकडला. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहांत शासन झाले.

१०/ त्यामागे बारभाईंविरुद्धचे राजकारण होतेच. पण पंधरा वर्षांनंतरही मेलेला माणूस परत आल्याचे हजारोंना पटावे, हे केवळ राजकारणाने घडत नाही. ज्या घरांत कुणी परतले नव्हते, त्या घरांना भाऊ परत यायला हवे होते. भाऊ आले, तर आपलाही कुणी येईल!

११/ आणि हे दार बंद करण्याचे काम कुणाकडे आले? नाना फडणिसांकडे. पानिपताहून ते परतले, पत्नी परतली; मातोश्री परतल्या नाहीत. तोतयाचा निकाल लावणाऱ्या कारभाऱ्याच्या स्वतःच्या घरातही पानिपताने रिकामी केलेली एक जागा होती.

१२/ हे केवळ मराठ्यांचेच नव्हे. फ्रान्समधील आर्तिगा गावी मार्तें गेर या बेपत्ता शेतकऱ्याच्या नावाने एक तोतया आला आणि त्याच्या पत्नीसोबत तीन वर्षे राहिला. १५६० मध्ये खटला निकालाला येत असताना खरा मार्तें उभा राहिला. स्पेनच्या सैन्यात एक पाय गमावून, लाकडी पायावर. तोतया फासावर गेला. पत्नीला मात्र पुन्हा नव्याने संसार मांडावा लागला.

१३/ १९७१ च्या युद्धातील बेपत्ता भारतीय जवानांचा प्रश्न आजही मिटलेला नाही. ५४ हा आकडा वारंवार येतो. त्या घरांतील स्त्रियांना कागदोपत्री कोणता शब्द लावायचा, हा प्रश्न पार्वतीबाईंच्याच प्रश्नाचे आजचे रूप आहे.

१४/ म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी शनिवारवाड्यात गेलात, तर उत्तराभिमुख दिल्ली दरवाजापाशी क्षणभर थांबा. दिल्लीकडे कोण गेले, हे आपल्याला पाठ आहे. त्या दिशेकडे डोळे लावून आत कोण बसले होते, हेही इतिहासात शिकवले पाहिजे. आणि तुमच्या घरात सैन्यातून आलेले एखादे जुने पत्र असेल, तर त्याला उत्तर कुणी लिहिले होते, तेही आजीला विचारा.