तंट्याचा खर्च कोणी सोसावा?

गृहसंकुलाची समिती हिशेब दाखवीत नाही, तेव्हा तिचा वकील सर्वांच्या वर्गणीतून उभा राहतो. दाद मागणाऱ्या सदस्याचा मात्र त्याच्याच खिशातून. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने कॉन्डोमिनियम इमारतींसाठी २००४ मध्ये शासकीय लोकपालाचे पद निर्माण केले. तो न्यायनिवाडा करीत नाही. समेट घडवितो, मागणीनुसार निवडणुकीस निरीक्षक नेमतो. त्याचा खर्च ज्या निधीतून भागतो, त्यात प्रत्येक सदनिकेमागे वर्षाला ४ डॉलर जमा होतात. शंभर सदनिकांचे ४००. स्वतंत्र घरांच्या संघांना ही आकारणी नाही, आणि या लोकपालाचा आधारही नाही.

आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे व्यापारी म्हणत नाही. न्यायाचा हप्ताही सर्वांनी थोडाथोडा भरावा. मग एकट्याला घर गहाण ठेवून भांडावे लागत नाही.