युरियाची गोणी आणि आपला श्वास

हिवाळा आला की दिल्लीच्या हवेची चर्चा सुरू होते आणि पंजाब-हरियाणातल्या पेटवलेल्या भाताच्या धसकटांची छायाचित्रे छापून येतात. धूर दिसतो, म्हणून दोष त्याच्या माथी जातो. न पेटवलेल्या शेतातून जे हवेत जाते, ते कॅमेऱ्यात येत नाही.

युरियात ४६ टक्के नत्र असते. ओलसर जमिनीवर तो नुसता फोकून दिला, की मातीतले युरिएज नावाचे विकर त्याचा अमोनिया करते. खत मातीआड झाले नाही तर त्यातला बराच वायू उडून जातो. शेतकऱ्याचे पैसेही त्याबरोबरच उडतात. उरलेल्या नत्रापासून जिवाणू नायट्रोजनची ऑक्साइडे बनवतात, म्हणजे वाहनांच्या धुरात असतात तीच. कॅलिफोर्नियात अशा ऑक्साइडांचा २० ते ३२ टक्के वाटा खत घातलेल्या शेतजमिनींचा असावा, असा अंदाज २०१८ च्या एका अभ्यासाने मांडला. तो आकडा सर्वांनाच मान्य नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न अमोनियाचा आहे. गंगेच्या खोऱ्यावर उपग्रहांना दिसणारा अमोनियाचा पट्टा जगातल्या सर्वांत दाट पट्ट्यांपैकी एक आहे. त्यात गुरांच्या शेणमूत्राचाही वाटा आहे. वीज केंद्रे आणि वाहने यांच्या धुरातून हवेत आम्ले तयार होतात. अमोनिया त्यांना भेटला की अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचे सूक्ष्म कण, म्हणजेच पीएम २.५, बनतात. नायट्रेटचे कण थंड, दमट हवेत टिकतात. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दम्याचा रुग्ण रात्री पंप शोधू लागतो, हृदयविकाराच्या रुग्णाचा धोका वाढतो.

गंमत अशी की हवेच्या गुणवत्ता निर्देशांकातल्या आठ प्रदूषकांत अमोनिया आहे. पण त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम असल्याने ती क्वचितच ओलांडली जाते. कागदावर अमोनिया निर्दोष ठरतो आणि त्याचे कण पीएम २.५ च्या खात्यात जमा होतात.

२०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्याने नत्राचे नायट्रेट होणे मंदावते, अमोनिया उडणे मात्र फारसे थांबत नाही. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना हात आखडता कोण घेईल? त्यासाठी शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. किंमत त्याने ठरवलेली नाही. माती परीक्षणानुसार मात्रा, ती हप्त्याहप्त्याने, मुळाजवळ मातीआड करून आणि लगेच पाणी देऊन, एवढे केले तरी उत्सर्जन बरेच घटते. कृषी विभाग हे पिकासाठी सांगतच असतो. आता आरोग्य विभागानेही ते सांगायला हवे.