पराभवाची आठवण

विजयाची आठवण कशी ठेवावी, हे कोणाला शिकवावे लागत नाही. जिंकलेला चषक कपाटात मांडतात, छायाचित्र भिंतीवर लावतात आणि प्रसंग निघाला की त्या दिवसाची कथा पुनःपुन्हा सांगतात. पराभवाचे तसे नसते. त्याला कपाट नसते, भिंतही नसते; तो मनातच कोठेतरी घर करून राहतो. त्यातून हा पराभव एखाद्या दूरच्या संघाकडून नव्हे, तर आपल्याच गावातील दुसऱ्या संघाकडून झालेला असला, तर तो फारच जिव्हारी लागतो. दूरचा संघ जिंकतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. गावातील संघ मात्र दुसऱ्या दिवशीही शेजारीच असतो. त्याचे चाहते सकाळी बाजारात भेटतात, कचेरीत जवळच्या टेबलाशी बसतात, शाळेत एकाच बाकावर असतात. ‘काय, कसा झाला कालचा सामना?’ एवढे त्यांनी हसत हसत विचारले, तरी जखमेवर मीठ चोळल्यासारखे होते.

अशा पराभवाचे करावे तरी काय? कोणी म्हणतात, तो विसरून जावा. कोणी म्हणतात, तो कधीही विसरू नये आणि संधी मिळताच त्याचा सूड घ्यावा. ही दोन्ही मते नीट पारखून घेतली पाहिजेत. आणि त्यासाठी कोलकात्यातील फुटबॉलसारखे दुसरे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन नामांकित क्लब आहेत. मोहन बागानची स्थापना १८८९ साली झाली. १९११ साली या क्लबाच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज लष्करी संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. पारतंत्र्याच्या त्या काळात बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंनी बूट घातलेल्या गोऱ्या सैनिकांवर मिळविलेला तो विजय साऱ्या देशाला अभिमानास्पद वाटला. ईस्ट बंगाल क्लब १९२० साली स्थापन झाला. नावाप्रमाणेच तो पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांचा लाडका झाला. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधील असंख्य कुटुंबे घरदार, शेतीवाडी मागे टाकून कोलकात्याच्या आश्रयास आली. नव्या शहरात ज्यांचे स्वतःचे असे काही उरले नव्हते, त्यांना आपल्या गावाकडचे नाव धारण करणारा हा क्लब आपला वाटला, यात नवल ते काय!

तेव्हापासून या दोन संघांचा सामना म्हणजे शहराचा जणू उत्सवच असतो. एकीकडे हिरवा आणि मरून रंग, दुसरीकडे लाल आणि पिवळा. मोहन बागान जिंकला, तर त्याच्या चाहत्यांच्या घरी कोळंबीचा बेत होतो. ईस्ट बंगाल जिंकला, तर इलिश मासा शिजतो. एकाच आळीत एका घरी चुलीवर मेजवानी चढलेली असते, तर शेजारच्या घरी ताटावर कोणाचे लक्ष नसते.

अशा या शहरात ३० सप्टेंबर १९७५ हा दिवस उजाडला. आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना होता आणि दोन्ही संघ समोरासमोर उभे होते. ईस्ट बंगाल त्या वेळी भरात होता. १९७० पासून सलग सहा वर्षे त्याने कोलकात्याची लीग जिंकली होती. तरीही पुढे जे घडले, त्याची कल्पना कोणी केली नसेल. सुरुवातीलाच सुरजित सेनगुप्ता याने पहिला गोल केला. मग श्याम थापा, रणजित मुखर्जी, पुन्हा श्याम थापा आणि शेवटी शुभंकर सन्याल अशी गोलांची रांगच लागली. सामना संपला तेव्हा ईस्ट बंगालचे पाच गोल झाले होते आणि मोहन बागानचा एकही नव्हता. मराठी भाषेत अशा पराभवास ‘पानिपत झाले’ असे म्हणतात. मोहन बागानचे त्या दिवशी अक्षरशः पानिपत झाले.

मोहन बागानचा गोलरक्षक भास्कर गांगुली हा तेव्हा अगदी तरुण होता. चार गोल झाल्यावर त्याला मैदानाबाहेर बोलावण्यात आले. हजारो डोळ्यांसमोर खाली मान घालून बाहेर जाताना त्या तरुणाला काय वाटले असेल, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. चाहत्यांचा संताप एवढा अनावर झाला होता, की मोहन बागानच्या काही खेळाडूंना त्या रात्री घरी जाण्याचे धैर्य झाले नाही आणि त्यांनी गंगेच्या पात्रात एका नावेत रात्र काढली, असे सांगतात.

या गोष्टीला आता पन्नास वर्षे होऊन गेली. तो सामना प्रत्यक्ष पाहणारे तरुण आज आजोबा झाले आहेत. तथापि ‘पाच-शून्य’ एवढे दोनच शब्द उच्चारले, की मोहन बागानच्या जुन्या चाहत्याचा चेहरा आजही उतरतो. २५ ऑक्टोबर २००९ रोजी मोहन बागानने ईस्ट बंगालवर पाच गोल केले आणि चिडी एडे या एकट्या खेळाडूने त्यांतील चार गोल केले, तेव्हा कित्येकांना वाटले, की आता जुने कर्ज फिटले. पण तो सामना ५-३ असा सुटला होता. ‘पाच झाले खरे, पण शून्य कोठे आहे?’ असा प्रश्न ईस्ट बंगालच्या चाहत्याला करता येतो आणि वाद पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

हा पराभव विसरून जावा, असे सांगणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दुःख उगाळल्याने ते कमी होत नाही. परंतु ज्याला पराभवाचे दुःखच होत नाही, त्याचे आपल्या संघावर प्रेम होते असे कसे म्हणावे? शिवाय जो पराभव विसरतो, तो त्याची कारणेही विसरतो. बचाव कोठे ढासळला, प्रतिपक्षाची चाल का ओळखता आली नाही, कोणता सराव अपुरा पडला, या प्रश्नांची उत्तरे पराभवातच दडलेली असतात. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका फाडून टाकली, तर गुण वाढत नाहीत. चुका कोठे झाल्या, हे समजण्याची वाट मात्र बंद होते.

मोहन बागानने ही उत्तरपत्रिका फाडली नाही. ईस्ट बंगालच्या यशामागे प्रदीपकुमार बॅनर्जी या प्रशिक्षकाचा मोठा वाटा होता. पुढल्याच वर्षी मोहन बागानने त्यांनाच आपल्याकडे बोलाविले. १९७६ च्या लीगमध्ये दोन्ही संघ पुन्हा भेटले, तेव्हा सामना सुरू होऊन अवघे १७ सेकंद झाले होते, तोच मोहम्मद अकबर याने गोल केला आणि मोहन बागानने तो सामना १-० असा जिंकला. ज्याने हरविले त्याच्याकडूनच शिकण्याची ही तयारी लहानसहान गोष्ट नव्हे. त्यासाठी मानीपणा थोडा बाजूला ठेवावा लागतो.

आता दुसरे मत पाहू. पराभवाचा सूड घ्यावा, असे म्हणणाऱ्यांची वाट कोठे जाते, हेही कोलकात्यानेच पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा सामना चालू होता. मैदानात खेळाडूंमध्ये बाचाबाची झाली. तिची ठिणगी प्रेक्षकांत पडली, मारामारी झाली, लोक जीव वाचविण्यासाठी धावू लागले आणि त्या चेंगराचेंगरीत १६ जणांचे प्राण गेले. ती सारी खेळ पाहण्यास आलेली माणसे होती. सकाळी घरून निघताना ‘संध्याकाळी येतो’ असे सांगून ती निघाली असतील. त्यानंतर ज्या घरांत त्यांची वाट पाहिली गेली, त्या घरांना कोण जिंकले आणि कोण हरले याचे काय होते? हरलेला सामना पुढच्या वर्षी जिंकता येतो, गेलेला जीव मात्र परत येत नाही. त्या मृतांच्या स्मरणार्थ कोलकात्यात १६ ऑगस्ट रोजी रक्तदान करतात. ज्या दिवशी रक्त सांडले, त्या दिवशी रक्त देण्याची ही प्रथा अत्यंत योग्य आहे.

कोणी म्हणेल, की थोडे वैर असल्याखेरीज सामन्यात रंग भरत नाही. चुरस हवी, ही गोष्ट खरी. परंतु चुरस आणि वैर या दोन गोष्टी एक नव्हेत. चुरशीला प्रतिस्पर्धी हवा असतो. वैराला तो नाहीसा झालेला हवा असतो. उद्या ईस्ट बंगाल उरलाच नाही, तर मोहन बागानचा चाहता कोणावर विजय मिळवून कोळंबी शिजविणार? प्रतिस्पर्धी आहे म्हणूनच सामन्याला मोल आहे.

आणि वैर धरावे तरी कोणाशी? ज्या श्याम थापाने १९७५ साली मोहन बागानवर दोन गोल केले, तोच पुढे मोहन बागानकडून खेळू लागला. १९७८ साली ईस्ट बंगालविरुद्ध त्याने पाठमोरे होऊन, अंग हवेत झोकून देऊन जो गोल केला, त्याचे वर्णन मोहन बागानचे चाहते आजही अभिमानाने करतात. २००९ साली ईस्ट बंगालवर चार गोल करणारा चिडी एडे काही वर्षांनी ईस्ट बंगालच्याच लाल-पिवळ्या पोशाखात मैदानावर उतरला. काल ज्याच्या नावाने बोटे मोडली, त्याच्याच नावाने आज टाळ्या वाजवाव्या लागतात. म्हणून खेळाडूचा द्वेष करणे हे केवळ वाईटच नव्हे, तर हास्यास्पदही ठरते.

तो तरुण गोलरक्षक भास्कर गांगुली याचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. चार गोल खाल्लेला मुलगा म्हणून त्याची आयुष्यभर हेटाळणी झाली असती, तर ती कोणाला नवलाची वाटली नसती. पण त्याने खेळ सोडला नाही. तो पुढे त्याच ईस्ट बंगालचा भरवशाचा गोलरक्षक झाला आणि १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार म्हणून मैदानावर उतरला. ज्या संध्याकाळी लोकांनी त्याला निकालात काढले, ती त्याच्या खेळाची अखेर नव्हती. हरलेल्या खेळाडूवर दगड उगारणाऱ्या प्रत्येक चाहत्याने हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा पराभव विसरूही नये आणि त्याचे वैरात रूपांतरही होऊ देऊ नये. त्याची आठवण पुरी ठेवावी. ‘आमच्यावर पाच गोल झाले’ एवढीच आठवण अपुरी आहे. ‘ते त्या दिवशी आमच्यापेक्षा सरस खेळले’ हेही तिच्यात आले पाहिजे. हे दुसरे वाक्य उच्चारताना जीभ जड होते. पण ज्याला ते उच्चारता येते, त्याच्याच अंगी खिलाडूवृत्ती बाणली, असे म्हणता येईल.

अशी वृत्ती कठीण प्रसंगी किती कामी येते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसून आले. कोलकात्यातील एका तरुण स्त्री डॉक्टरची हत्या झाली होती आणि शहर शोकाने व संतापाने व्याकूळ झाले होते. १८ ऑगस्ट रोजी ठरलेला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना सुरक्षिततेच्या कारणावरून रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही संघांचे चाहते क्रीडांगणाबाहेर जमले. त्यांच्यासोबत मोहमेडन स्पोर्टिंग या शहरातील तिसऱ्या जुन्या क्लबाचेही चाहते आले. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा हे रंग एकाच गर्दीत मिसळून गेले आणि सर्वांनी एका आवाजात न्यायाची मागणी केली. पाच-शून्यची आठवण त्यांच्यापैकी कोणीही पुसून टाकली नव्हती. पुढचा सामना आला, की ते पुन्हा एकमेकांची थट्टा करणारच होते. पण शहरावर दुःख कोसळले, तेव्हा ते शेजारी म्हणून शेजारी उभे राहिले.