प्लग कुणाच्या हातात?

मागच्या उन्हाळ्यात नाक्यावर आमचा कार्यक्रम होता. वायर एका दुकानातून घेतलेली. दोन गाण्यांपर्यंत मालक मान डोलवत होता. तिसरं त्याला झोंबलं. त्याने प्लग उपटला. माईक मुका, कीबोर्ड मुका. डफ तेवढा बोलत राहिला. तेव्हा कळलं, ज्याच्या हातात प्लग, त्याच्या हातात आपला गळा.

म्हणून सेलवर चालणारं सामान घ्या, म्हणतो मी. चैन म्हणून नाय, गरज म्हणून.

दुकानात शेकडो आवाजांना भुलू नका. रस्त्यावर त्यातले चार लागतात. पहिला सवाल : सेलवर चालतो का? दुसरा : वजन किती? पाठीवरचं ओझं काय असतं ते गोदीत कळतं, लोकलमध्येही कळेल. कॅसिओचा सीटी-एस २०० घ्या. ६१ पट्ट्या, सहा पेन्सिल सेल, वजन साडेतीन किलोच्या आत. पण त्याच्या पोटातला स्पीकर खोलीपुरता. उघड्यावर भिंती नसतात, आवाज परत फिरत नाही. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३. मग वॅटमागे धावून खिसा का फाडायचा? स्पीकर माणसांच्या डोक्यावर चढवा, माणसांना जवळ बोलवा.

रोलंडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स आठ सेलांवर ५० वॅट देतो, पण किंमत ऐकूनच घाम फुटतो. आपली वाट दुसरी : १२ व्होल्टवर चालणारा अँप्लिफायर नि बॅटरी. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर म्हणजे ८४ वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्मीच वापरा, नायतर लवकर मरते. उरले ४२. अँप्लिफायर २० वॅट खात असेल तर दोन तास. दोन तासांत पुष्कळ सांगून होतं. भोंगा मात्र नको. त्यात शब्द लांब जातो, पण कीबोर्डचा खर्ज मरतो.

बॅटरी आपली झाली म्हणून कायदा सुटत नाय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. कागद खिशात ठेवा, म्हणजे तोंड वर करून गाता येतं.

आणि शेवटचं. पैसे वर्गणीतून काढा. सामान सगळ्यांचं ठेवा, किल्ली फिरती ठेवा. एकाच्याच घरात, एकाच्याच नावावर पडलं, तर प्लग फक्त हात बदलेल.