यादवीच्या आरंभी पारडे कोणाचे जड? सुदानचे वर्तमान आणि माळव्याचा धडा

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये तोफा धडाडल्या, तेव्हा जगभरच्या माध्यमांनी सुदानमधील दोन्ही बाजूंच्या बलाबलाचे तक्ते प्रसिद्ध केले. एका बाजूला जनरल अब्देल फताह अल बुऱ्हान यांचे नियमित लष्कर. त्याच्याकडे विमानदळ, रणगाडे आणि सरकार म्हणून असलेली मान्यता होती. दुसऱ्या बाजूला मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेद्ती यांचे ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल, सुमारे एक लाखाचे, पिकअप गाड्यांवरून वेगाने हालणारे. विमानदळ ज्याचे, विजय त्याचा, असा अनेकांचा कयास होता.

प्रत्यक्षात राजधानीचा बराच भाग निमलष्करी दलाने बळकावला आणि सरकारला पोर्ट सुदानला बिऱ्हाड हलवावे लागले. लष्कराने खार्टूम परत घेतले ते मार्च २०२५ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात, सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, दार्फुरमधील अल फाशर शहर निमलष्करी दलाच्या हाती पडले आणि तेथे नागरिकांच्या कत्तली झाल्या. एक कोटीहून अधिक लोक घरादाराला मुकले आहेत. तक्त्यातील आकड्यांवरून यांपैकी कशाचाही अंदाज आला नव्हता. आकडे ढोबळमानाने बरोबर असूनही असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठी वाचकाला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला लोहारदा नावाचे एक छोटे गाव आहे. सतवासच्या या परिसरात १८०१ च्या पावसाळ्यात मराठी फौजा मराठी फौजांशी भिडल्या. शिंदे-होळकरांची ही यादवी मराठी राज्याच्या अंताची सुरुवात ठरली. त्या वर्षी कोणी बलाबलाचा तक्ता मांडला असता, तर तोही असाच फसला असता.

त्या तक्त्यात दौलतराव शिंद्यांचे पारडे निःसंशय जड होते. महादजींनी डी बॉयनकरवी उभारलेल्या कवायती पलटणी, उत्तम तोफखाना, दिल्लीच्या बादशहावरील वर्चस्व आणि पुण्यात बाजीराव पेशव्यांवरील दाब, हे सारे त्यांच्याकडे होते. यशवंतराव होळकरांकडे यांतले काहीही नव्हते. १७९७ च्या सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेने पुण्यात त्यांचे बंधू मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तेथे अटकेत पडले आणि तेथूनही निसटले. धारच्या आनंदराव पवारांनी त्यांना आसरा दिला. मात्र दौलतरावांच्या दडपणामुळे तोही फार काळ टिकला नाही. मूठभर स्वारांनिशी सुरुवात करणाऱ्या या सरदाराने अमीरखान पठाणाला जोडीला घेतले, महेश्वर मिळवले आणि स्वतःच्या कवायती पलटणी उभ्या केल्या.

शिंद्यांच्या बाजूचा कच्चा दुवा संख्येत नव्हता. तो पगारात आणि निष्ठेत होता. डी बॉयननंतर सेनापती झालेल्या पेरोंकडे फौजेच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून दिलेला होता. महसूल तोच गोळा करी, पगार तोच वाटी. साहजिकच त्या पलटणी नावाने शिंद्यांच्या आणि व्यवहारात पेरोंच्या होत्या. माळव्यात धन्यावर संकट ओढवले, तेव्हा पेरों उत्तरेत जॉर्ज थॉमसशी झुंजत होता आणि दक्षिणेकडे कुमक धाडण्यात चालढकल करीत होता.

घरातली स्थिती याहून वाईट होती. महादजींच्या विधवांनी पुकारलेल्या बंडात लखबादादा लाडांसारखा मातब्बर सरदार त्यांच्या बाजूला गेला. तुंबलेल्या पगारासाठी दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातील सावकार आणि गृहस्थ नागवले. गोमंतकीयांना जवळचे वाटावे असे उदाहरण म्हणजे जीवबादादा बक्षी केरकर, मूळचे पेडणे महालातील केरीचे. महादजींच्या या विश्वासू सेनानीचे पुत्र नारायणराव यांनाही पुढे याच घाटग्यांच्या कारभारात प्राणास मुकावे लागले. जुन्या, कसलेल्या माणसांचा असा निकाल लावणारी सत्ता कागदावर कितीही बलाढ्य असली, तरी रणांगणात तिला एका दिलाने लढता येत नाही.

होळकरांच्या बाजूचा दोष वेगळा होता. त्यांना मुलूख लावून दिलेला नव्हता. फौजेचा पगार लुटीतून निघे. त्यामुळे थांबणे त्यांना परवडणारेच नव्हते. पठाण आणि पेंढारी सोबत असेपर्यंत नवे शहर, नवी खंडणी हवीच असे. मात्र फौजेचा धनी एकच होता आणि तो स्वतः आघाडीवर लढत होता.

पुढील घटनाक्रम या दोन दोषांनीच घडवला. नेवरी येथे मॅकिंटायरच्या हाताखालील शिंद्यांच्या तुकडीने होळकरांपुढे शस्त्रे ठेवली. सतवासजवळ मात्र मेजर ब्राऊनरिगने भक्कम जागा धरून होळकरांचा हल्ला परतवला. उज्जैन येथे हेसिंगच्या पलटणींचा धुव्वा उडाला. वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या तुकड्या एकत्र होण्यापूर्वीच गाठायच्या, हा होळकरांचा डाव होता. ऑक्टोबर १८०१ मध्ये इंदूरजवळ शिंद्यांची एकवटलेली फौज उतरली, तेव्हा होळकरांचा पराभव होऊन शहर लुटले गेले. एवढ्या विजयानंतरही दौलतरावांनी नेटाने पाठलाग केला नाही. वर्षभरात होळकर पुण्याच्या वेशीवर होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्यांनी शिंदे आणि पेशव्यांची संयुक्त फौज मोडली.

खरा निकाल मात्र रणांगणाबाहेर लागला. पळालेल्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. सुमारे सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, ही त्याची किंमत. पुढच्याच वर्षी असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर दूर राहिले. पेरों तर सप्टेंबर १८०३ मध्येच इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा ते एकटे पडले. बलाबलाच्या तक्त्यात कंपनीचा रकाना कोणीच घातला नसता. बाजी मात्र तिने मारली.

या प्रकाशात सुदानकडे पाहिले की अनेक गोष्टी स्पष्ट होतात. निमलष्करी दल हे सरकारनेच जन्माला घातलेले अपत्य. दार्फुरमधील जंजावीद टोळ्यांतून २०१३ मध्ये ते आकाराला आले. पुढे हेमेद्ती यांच्या हाती जेबेल आमेरच्या सोन्याच्या खाणी आल्या, येमेनच्या युद्धात माणसे पाठवून पैसाही मिळाला. ज्या दलाचा खर्च सरकारी तिजोरीतून भागत नाही, ते सरकारचे हुकूम किती काळ ऐकणार? दोन्ही सेनापतींनी २०२१ मध्ये मिळून सत्ता बळकावली आणि निमलष्करी दल लष्करात दोन वर्षांत विलीन करायचे की दहा, या वादावरून ते एकमेकांवर उलटले. दलाचे विलीनीकरण म्हणजे तिजोरीचेही विलीनीकरण, हे हेमेद्ती पुरेपूर जाणून होते.

लष्कराची बाजूही एकजिनसी नाही. इस्लामवादी तुकड्या आणि दार्फुरमधील जुने बंडखोर गट आज तिच्यासोबत आहेत. उद्या युद्ध थांबले तर प्रत्येक जण आपला वाटा मागेल. तिसरा रकाना तर उघडच आहे. संयुक्त अरब अमिराती निमलष्करी दलाला शस्त्रे पुरवते, असा आरोप आहे आणि ती तो नाकारते. इजिप्तचा कल लष्कराकडे आहे. युद्धविरामाचा प्रस्ताव मांडणाऱ्या चार देशांत अमेरिका आणि सौदी अरेबियाबरोबर हे दोघेही आहेत. मध्यस्थ आणि हितसंबंधी यांतील रेषा पुसली गेली की तह कोणाच्या सोयीने होतो, हे वसईने दाखवून दिले आहे.

अशा युद्धात सर्वाधिक भरडले जातात ते मधले. माळव्यात धार आणि देवासच्या पवारांची छोटी राज्ये शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या कचाट्यात होरपळली आणि १८१८-१९ मध्ये ब्रिटिश संरक्षणाखाली गेली. गोमंतकालाही हा अनुभव नवा नाही. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात वाडीच्या सावंतांना पोर्तुगीजांची मदत हवी झाली आणि १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला.

भारताने २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’द्वारे ३,८०० हून अधिक नागरिकांना सुदानमधून बाहेर काढले आणि आपल्याकडील चर्चा बहुधा तेथेच थांबली. ती पुढे जायला हवी. यादवी पेटते त्या दिवशी रणगाडे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. फौजेचा पगार कोण देतो? सेनापती बदलला तर हुकूम पाळला जाईल काय? आणि हरणारा मदतीसाठी कोणाच्या दारी जाईल? सुदानमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोन्याच्या बाजारात आहे. त्या सोन्याचा मोठा ओघ दुबईकडे जातो. तो रोखण्याची तयारी कोणी दाखवत नाही, तोवर युद्धविरामाच्या कागदावर कोणाच्याही सह्या झाल्या, तरी अल फाशरमधून पळालेल्यांना घरी परतता येणार नाही.