गणित टाका, मराठी सोडा?

दहावीचा निकाल लागला की वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात ज्या घरी मुलीला वा मुलाला डॉक्टर करण्याचा मनसुबा असतो, तेथे अकरावीच्या अर्जापुढे बसलेल्या आईवडिलांना क्लासवाले, शेजारी आणि नुकतेच त्या फेऱ्यातून गेलेले आप्त एकच सल्ला देतात : ‘पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घ्या, गणित टाका, मराठीऐवजी आयटी घ्या, स्कोअरिंग आहे.’ सल्लागारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या सल्ल्याने भावी डॉक्टरचे दुहेरी नुकसान होते, असे माझे ठाम मत असल्यामुळे त्याची रीतसर तपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्ष असा : नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या ७२० गुणांत गणिताचा स्वतंत्र विभाग नाही, पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचेच गुण मोजतात, इंग्रजीत उत्तीर्ण झाले की पुरते, मग जिला पहाटेची विरार लोकल पकडून बोरिवली-अंधेरीचा क्लास गाठायचा आहे, तिच्या माथी हे जादा ओझे कशाला? यांतील नियमांचा भाग खरा आहे, आणि वेळेची तक्रारही मी कबूल करतो.

पण ओझे खरोखर उतरते काय? राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत सहा विषयांचा साचा भरावाच लागतो. इंग्रजी, मराठी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांनी तो नेमका भरतो. गणित वगळले तर त्या जागी भूगोल, मानसशास्त्र यांसारखा दुसरा विषय येतो, म्हणजे पेपर बदलतो, कमी होत नाही. शिवाय नीटमधील भौतिकशास्त्राचे १८० गुण कोणत्या बळावर मिळवायचे? अकरावीच्या पाठ्यपुस्तकातले दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. त्यात सदिश आणि कलनशास्त्राची तोंडओळख आहे. गणिताच्या तासाला हा सराव होत असतो. तो तास सोडणाऱ्या मुलांना तेच भौतिकशास्त्राच्या क्लासमध्ये घाईघाईने, सूत्र पाठ करून उरकावे लागते. आणि पात्रतेत गणित मोजलेच जात नसेल, तर त्यात गुण थोडे कमी पडले म्हणून वैद्यकाची वाट अडत नाही, हा निष्कर्ष पूर्वपक्षाच्या स्वतःच्याच दाखल्यातून निघतो.

प्रवेशपरीक्षेपलीकडची बाब याहून गंभीर आहे. आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रोग आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रोगग्रस्त होण्याची संभाव्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघालेल्या जोडप्याचा सहज असा समज होऊ शकतो की आता पुढची तीन निरोगीच होणार. वस्तुतः दुसऱ्या गर्भारपणातही संभाव्यता पुन्हा चारात एकच राहते, कारण एका अपत्याचा निकाल दुसऱ्याला बांधील नसतो. हे त्या जोडप्याला समजावणाऱ्या डॉक्टरच्या मनात संभाव्यतेची संकल्पना पक्की मुरलेली हवी, आणि संभाव्यतेचे प्रकरण अकरावीच्या गणितात आहे. पुढे एमबीबीएसच्या सामुदायिक वैद्यकशास्त्रात जैवसांख्यिकी समोर येते, तेव्हा गणित टाकलेल्या विद्यार्थ्याला पाठांतराखेरीज आधार उरत नाही.

मराठीविषयी तर मला अधिकच कळकळीने लिहावेसे वाटते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात सामवेदी आणि वाडवळी बोलणारी वृद्ध माणसे आहेत. पूर्वेच्या डोंगराखालच्या पाड्यांवर वारली बोलणारी कुटुंबे आहेत. दवाखान्यात येण्याआधी भगताकडे जाऊन आलो, त्याने दिलेली मुळी उगाळून घेतली, ही गोष्ट रुग्ण सहसा आपण होऊन सांगत नाही. ती त्याच्या भाषेच्या जवळ जाणाऱ्या, धीराने ऐकणाऱ्या माणसालाच कळते, आणि ती न कळता दिलेले औषध घातक ठरू शकते. बारावीच्या मराठीत मुलाखत आणि अहवाल यांचे लेखन शिकवतात. समोरच्याला बोलते करणे, त्याचे म्हणणे क्रमाने नोंदवणे, त्यातले महत्त्वाचे निवडणे, या कामाशी रुग्णाची हकिकत घेण्याचे किती जवळचे नाते आहे हे कोणत्याही अनुभवी डॉक्टरला विचारावे. वैद्यकीय शिक्षणाच्या नियामकांनाही हे पटलेले दिसते; २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या आरंभीच्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषाकौशल्याला आणि पुढे वृत्ती, नीती व संवाद यांच्या शिक्षणाला त्यांनी जागा दिली. जे पुढे मुद्दाम शिकवावे लागते, ते सोळाव्या वर्षी हातचे का सोडावे?

ज्याला गणिताची खरोखर धास्ती आहे, त्याच्यावर ते लादावे असे मी म्हणत नाही. पण केवळ क्लासच्या वेळापत्रकासाठी कोणी ते टाकू नये, आणि मराठी तर कोणत्याच सबबीवर सोडू नये. जूचंद्रपासून अर्नाळ्यापर्यंतच्या पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन पीसीएमबीबरोबर (पीसीबी अधिक गणित) मराठी घेणाऱ्यांची तुकडी यंदा चालणार आहे काय, एवढे विचारावे. मुले पुरेशी असली तर वर्ग चालतो, नसली तर संस्था तो बंद करते. म्हणून ही विचारणा यादी लागण्याच्या आत व्हावी.